पटावरचा उजेड

परवा पेठ वडगावच्या घरी माडीवर युद्धखेळाचा पट मांडला. डोक्यावर एकच बल्ब. सोंगटी उचलायला वाकलं की आपलीच सावली पटावर! काकांना सोंगट्यांवरचे बारीक आकडे दिसेनात. "तुम्हीच खेळा," म्हणत ते उठायला लागले. मग समोरासमोरच्या भिंतींवर दोन ट्यूब लावल्या. सावल्या विरल्या, काका बसले.

गंमत म्हणजे या खेळाचं मर्म अंधारात आहे. राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने १८२४ साली त्याचे नियम छापले. त्यात शत्रूचं सैन्य नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत पंच ते नकाशावर मांडतच नसे.

आमच्या गावात धनाजी जाधवांची समाधी आहे. १७०७ साली खेडच्या लढाईत त्यांच्यासमोर प्रश्न होता... हा शाहू खरा की तोतया? ताराबाई तोतया म्हणत होत्या. धनाजीरावांनी शाहूंची बाजू धरली. पुढच्याच वर्षी ते वारले.

आम्ही कोल्हापूरकर ताराराणींचे. लहानपणी मला धनाजीरावांचा राग यायचा. पण तीनशे वर्षांनी आम्हाला दोन्ही बाजूंनी उजेड आहे. त्यांना तो नव्हता.