अ‍ॅमेझॉन : माणसांनी पोसलेले अरण्य

अ‍ॅमेझॉनचे खोरे म्हणजे माणसाचा हात न लागलेले जंगल, ही समजूत खोटी आहे आणि त्या नदीकाठच्या लोकांवर अन्याय करणारी आहे. १५४१-४२ मध्ये फ्रान्सिस्को दे ओरेयाना हा स्पॅनिश सरदार नापो नदीतून अ‍ॅमेझॉनमध्ये उतरला आणि होड्यांनी थेट अटलांटिकपर्यंत गेला. सोबतच्या गास्पार दे कार्वाखाल या धर्मगुरूने काठावरच्या दाट वस्त्या, रुंद रस्ते आणि कुंपणात पाळलेली नदीतली कासवे यांची नोंद केली. पुढच्या प्रवाशांना मात्र तेच काठ बहुतांशी ओस दिसले. कार्वाखालने लढवय्या बायकांची गोष्टही लिहिलेली असल्याने त्याची बाकीची साक्षही थापांत जमा झाली.

ती साक्ष जमिनीने खरी ठरवली. तिथली बरीचशी माती पिवळट-तांबडी आणि निकस, कारण पाऊस तिचा कस धुऊन नेतो. या मातीत मोठा समाज पोसणे अशक्य, असे बेटी मेगर्स या पुरातत्त्वज्ञ बाईंचे म्हणणे होते आणि ते वजनदार होते. पण जुन्या वस्त्यांच्या जागी काळीभोर, सुपीक माती सापडते. ब्राझीलमध्ये तिला तेरा प्रेता म्हणतात. तिचे ढेकूळ फोडले की कोळशाचे कण, खापऱ्या, माशांची हाडे निघतात. राख आणि खरकटे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी टाकून लोकांनी ही माती घडवली; शिंगू नदीच्या खोऱ्यातले कुइकुरो आदिवासी आजही ती घडवतात. आपला साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो, तो कंदही याच खोऱ्याच्या नैर्ऋत्य भागात लागवडीखाली आला. २०२२ मध्ये बोलिव्हियात लेझर किरणांच्या पाहणीतून कासाराबे संस्कृतीची कालवे आणि उंच बांध असलेली नगरे उजेडात आली. काठ ओस पडले ते देवी-गोवरासारख्या परक्या साथींनी आणि गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांनी.

यावर कोणी म्हणेल, माणसाने पूर्वीही जंगल बदलले, मग आज तोडले तर काय बिघडले? बिघडते ते पद्धतीमुळे. त्या लोकांनी जमिनीत कस भरला आणि रान उभे ठेवले. आज कुरणे आणि सोयाबीनसाठी रान जाळले जाते. १९६१ मध्ये तिथल्या आदिवासींसाठी राखीव झालेला शिंगूचा प्रदेश उपग्रहचित्रांत भोवतालच्या उघड्या शेतांमध्ये हिरवा उठून दिसतो. अ‍ॅमेझॉन वाचवायचे असेल, तर तिथल्या माणसांचा जमिनीवरचा हक्क आधी मान्य करावा लागेल.