फ्लॉपीत अडकलेले सूर

वाद्यांच्या गोष्टींत आज आम्ही एका अशा वाद्याची गोष्ट आणली आहे, ज्याला स्वतःचा आवाजच नाही. पेटीत पितळी सूर असतात, तंबोऱ्याला तारा असतात, सनईत फुंकर जाते. पण १९८०च्या आसपास ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत असे काही कीबोर्ड तयार झाले की वीज लावली तरी ते मुकेच राहायचे. आधी त्यांच्या पोटात एक चकती सरकवायची. आतून खरखर, खटखट ऐकू यायची, काही सेकंद जायचे, आणि मग कुठे पट्टी दाबली की आवाज निघायचा. ती चकती म्हणजे फ्लॉपी, आणि वाद्याचं नाव सॅम्पलर.

आज ही वाद्यं चाळिशीला आली आहेत. बऱ्याच ठिकाणी पट्ट्या चांगल्या असतात, आतलं विजेचं कामही ठीक असतं, पण चकती वाचणारं यंत्र, म्हणजे ड्राइव्ह, थकलेलं असतं. तो बंद पडला की वाद्य पुन्हा मुकं. त्यामुळे जगभरात जुनी वाद्यं सांभाळणाऱ्या लोकांमध्ये सध्या एक मोठं काम चाललं आहे, हे ड्राइव्ह बदलण्याचं. ऐकायला हे एखाद्या दुरुस्तीच्या दुकानातलं किरकोळ काम वाटेल. पण या कामात आधी काय करायचं आणि नंतर काय, हे चुकलं तर काही आवाज कायमचे जातात, म्हणून आम्हाला ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

सॅम्पल म्हणजे नमुना. शितावरून भाताची परीक्षा म्हणतो ना, तसं इथे एका सुरावरून अख्खं वाद्य उभं करायचं. बासरीचा एक सूर ध्वनिमुद्रित केला की यंत्र तोच सूर वेगाने वाजवून वर चढवतं, संथ वाजवून खाली उतरवतं. थोडं चढवलं तर खपून जातं. फार चढवलं की माणसाचा आवाज खारीसारखा चिरका होतो. म्हणून चांगल्या चकतीत एकाच वाद्याचे थोड्या थोड्या अंतरावरचे चार-सहा सूर घेतलेले असत.

सुरुवात झाली सिडनीत. पीटर वोगेल आणि किम रायरी या दोन तरुणांनी रायरीच्या आजीच्या घरी बसून हे यंत्र घडवलं. समोरच्या बंदरातून फेअरलाइट नावाची फेरीबोट ये-जा करायची, तिचंच नाव यंत्राला दिलं. खरं तर त्यांना गणिताने आवाज घडवायचे होते, पण गणितातून पियानोचा भरदारपणा काही केल्या येईना. तेव्हा वोगेलने रेडिओवर चाललेल्या पियानोवादनातला जेमतेम सेकंदभराचा तुकडा यंत्रात उतरवून घेतला आणि तो वेगवेगळ्या पट्ट्यांवर वाजवून पाहिला. तो खऱ्यासारखा वाजला! रेडिओवाल्या बायका म्हणून आम्हाला या गोष्टीचं विशेष कौतुक आहे. १९७९ साली फेअरलाइट बाजारात आलं. त्याला आठ इंचांच्या, जेवणाच्या ताटलीएवढ्या फ्लॉप्या लागत, आणि ड्राइव्ह दोन: एकात यंत्राला शहाणं करणारी चकती, दुसऱ्यात आवाजांची. ब्रिटनमध्ये त्याची किंमत साधारण १८,००० पौंड होती.

एवढे पैसे मोजणारे थोडेच होते. पण त्या पहिल्या काही जणांत केट बुश ही गायिका होती, तेव्हा विशीच्या सुरुवातीची. १९८० साली आलेल्या तिच्या ‘नेव्हर फॉर एव्हर’ या अल्बममध्ये फेअरलाइट आहे. त्यातल्या ‘बाबूश्का’ या गाण्यात काच फुटल्याचा जो आवाज येतो, तो लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या स्वयंपाकघरातली भांडी फोडून घेतलेला आहे. फुटलेल्या भांड्यांचा आवाज पट्ट्यांवर बसवून सुरात वाजवायचा, ही कल्पनाच नवी होती. तो अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. एकट्या ब्रिटिश गायिकेच्या अल्बमला तिथे ते स्थान पहिल्यांदाच मिळालं.

पुढची गोष्ट स्वस्त होत जाण्याची आहे. कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीने १९८१ साली इम्युलेटर काढला आणि १९८४ साली इम्युलेटर दोन. या दुसऱ्याची आठवण फक्त ५१२ किलोबाइटची. आज मोबाइलवर ‘सुप्रभात’चं जे चित्र येतं, तेही कित्येकदा त्याहून मोठं असतं. एवढ्या जागेत सतरा-साडेसतरा सेकंदांचे आवाज मावत. त्याच्याबरोबर येणाऱ्या चकत्यांमध्ये शाकुहाची या जपानी बांबूच्या बासरीचा एक सूर होता. पीटर गेब्रिएलच्या १९८६ सालच्या ‘स्लेजहॅमर’ या गाण्याची सुरुवात त्याच सुराने होते. ज्या वादकाने तो सूर फुंकला, त्याची फुंकर जगभरच्या रेडिओंवर वाजली. श्रेय मात्र बहुतेक वेळा यंत्रालाच मिळालं. हे आम्हाला खटकतं, पण तो वेगळ्या दिवसाचा विषय.

मग पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या माल्व्हर्न गावच्या एन्सॉनिक कंपनीने १९८४-८५च्या सुमारास मिराज हा कीबोर्ड आणला. किंमत १,६९५ डॉलर. इम्युलेटर दोनच्या ती जेमतेम पाचवा हिस्सा. (नाव ऐकून आमच्यातल्या दोघींना मिरज आठवलं. पण तंबोऱ्यांच्या मिरजेशी याचा काही संबंध नाही, हा शब्द मृगजळाचा आहे.) आतली मुख्य चिप बॉब यानेस या तंत्रज्ञाच्या डोक्यातून आली. कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची आवाजाची चिपही त्यानेच केली होती. आता शाळेतल्या संगीताच्या खोलीत आणि गल्लीतल्या वाद्यवृंदातही सॅम्पलर येऊ शकला. जॅनेट जॅक्सनच्या १९८९ सालच्या ‘रिदम नेशन’ या अल्बममध्येही मिराज वाजला आहे.

ड्राइव्हची गोष्ट सांगायला मिराजच बरा. कारण तो चकतीवर सर्वांत जास्त अवलंबून. त्याची आठवण पाटीसारखी: वीज गेली की पुसली गेली. केवळ आवाजच नव्हेत, तर पट्टी दाबल्यावर काय करायचं हे सांगणारा मूळ कार्यक्रमसुद्धा चकतीवरच असतो. त्यामुळे ड्राइव्ह बिघडला तर मिराजवर साधी शिट्टीसुद्धा वाजत नाही. एकसष्ट पट्ट्यांचं फर्निचर होतं त्याचं.

ड्राइव्ह का बिघडतो? त्यात चकती फिरवणारी मोटर असते आणि एक छोटं डोकं असतं. ते चकतीला टेकून, एका एका वर्तुळावर सरकत, चुंबकीय खुणा वाचतं. डोकं ज्या दांडीवर सरकतं तिच्यावरचं ग्रीस वर्षानुवर्षांत घट्ट होतं आणि डोकं मधेच अडतं. जुन्या काही ड्राइव्हांत मोटरीपासून चकतीपर्यंत रबरी पट्टा असतो, तो सैल पडतो किंवा विरघळून चिकट होतो. काहींत विजेचे छोटे कपॅसिटर गळतात. शिवाय चकतीचा तपकिरी लेप सुटून डोक्यावर बसतो. दमट हवेत तर बुरशीही धरते. पावसाळ्यात कॅसेटवर पांढरे ठिपके येतात, ते कोकणातल्या मैत्रिणींना सांगायला नको. आणि इथेच धोका आहे. बुरशीची एक चकती आत गेली की डोकं घाण होतं, आणि ते घाण डोकं पुढच्या चांगल्या चकतीवर ओरखडा काढतं. घाईघाईने ‘कुठली चालते बघू’ म्हणत एकामागून एक चकत्या सरकवणं हा सर्वांत वाईट उपाय.

म्हणून जाणकार मंडळी ड्राइव्हला हात लावण्याआधी चकत्यांकडे वळतात. चकती डोळ्यांनी तपासायची, डोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या काडीने पुसायचं, आणि मग एका चांगल्या ड्राइव्हवर तिची हुबेहूब नक्कल संगणकात उतरवायची. अशा नकलेला इमेज म्हणतात. पण मिराजची चकती साध्या संगणकाला वाचता येत नाही. साध्या चकतीत प्रत्येक वर्तुळाचे सारखे ५१२ अक्षरांचे तुकडे असतात. मिराजने एका वर्तुळावर १,०२४चे पाच तुकडे आणि ५१२चा एक असा आपलाच हिशोब मांडला. अशी ऐंशी वर्तुळं, म्हणजे एकूण ४४० किलोबाइट. ती वाचायला खास उपकरण लागतं. ग्रीसवीझल नावाचं असं एक छोटं उपकरण चकतीवरचा मजकूर समजून घ्यायच्या भानगडीत पडत नाही. चुंबकीय खुणा कशा पालटतात तेवढंच नोंदवून घेतं. अर्थ नंतर सावकाश लावता येतो. एखाद्या मोडी कागदाचा आधी फोटो काढून ठेवावा आणि लिप्यंतर मागाहून करावं, तसंच हे.

कारखान्यातून आलेल्या चकत्यांची आम्हाला फारशी चिंता नाही. त्यांच्या प्रती जगभर आहेत, एक गेली तर दुसरी सापडते. चिंता आहे ती घरी भरलेल्या चकत्यांची. सॅम्पलरला मागे मायक्रोफोन लावता येतो. आणि ज्याच्या घरी तो होता त्याने पहिल्याच दिवशी काय केलं असेल? घरातल्यांचे आवाज घेतले असणार. १९८६ सालच्या ‘फेरिस ब्युलर्स डे ऑफ’ या चित्रपटात शाळा बुडवणारा मुलगा खोकण्याचे आणि घोरण्याचे आवाज इम्युलेटर दोनवर वाजवतो, ते उगीच नाही. अशा चकतीवर शाईने लिहिलेलं एखादं नाव असतं, आणि तिची दुसरी प्रत कुठेच नसते.

नकला झाल्या, की मग ड्राइव्ह. पहिला विचार येतो, दुसरा जुना ड्राइव्ह आणून बसवावा. केबल तीच, ३४ टोकांची चपटी पट्टी. जवळजवळ सगळ्या फ्लॉपी ड्राइव्हांना तीच लागे. पण साध्या संगणकातून काढलेला ड्राइव्ह बसवला तर बहुधा चालत नाही. त्याचं कारण शाळेतल्या हजेरीसारखं आहे. वाद्य ‘शून्य नंबर’ अशी हाक मारतं आणि संगणकातला ड्राइव्ह ‘एक नंबर’ या हाकेलाच ओ द्यायला शिकलेला असतो. शिवाय अनेक सॅम्पलरांना ड्राइव्हकडून ‘मी तयार’ असा निरोप हवा असतो. हा त्याच तारेवरून ‘चकती बदलली’ असं सांगतो. जाणते कारागीर आतली जोडणी बदलून हे जमवतात. तरीही तो ड्राइव्हसुद्धा जुनाच असतो, आणि चकत्याही. सोनीसारख्या मोठ्या कंपनीने २०११ साली फ्लॉपी विकणं थांबवलं. मूळ कंपन्यांकडे जावं, तर ई-म्यू आणि एन्सॉनिक दोन्ही पुढे सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने विकत घेतल्या. मिराजचे सुटे भाग आता कुठला कारखाना देणार?

यावर जो तोडगा निघाला तो आम्हाला फार आवडला. गोटेक नावाची एक डबी मिळते. आकार फ्लॉपी ड्राइव्हचाच, मागे तीच ३४ टोकं, पुढे मात्र पेनड्राइव्हची खाच, दोन बटणं आणि आकड्यांची पट्टी. वाद्याला ती सांगते की मी फ्लॉपी ड्राइव्ह आहे, आणि वाद्य विश्वास ठेवतं. बटण दाबून क्रमांक बदलला की चकती बदलली. एका पेनड्राइव्हवर शेकडो चकत्या मावतात. ही डबी संगीतासाठी मुळी निघालीच नव्हती. ती निघाली भरतकामाच्या आणि विणकामाच्या संगणकी यंत्रांसाठी, कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांसाठी. वेलबुट्टीची नक्षी ज्या यंत्रांत फ्लॉपीवरून जात असे, त्यांच्या मालकांना यंत्र टाकून न देता चालू ठेवायचं होतं. संगीतवाले मागून आले. मिराजचा तो विचित्र हिशोब डबीला मुळात कळत नव्हता, तेव्हा तिच्यात नवा कार्यक्रम भरला गेला. जाँ-फ्रान्स्वा डेल नेरो या फ्रेंच तंत्रज्ञाचं एचएक्ससी आणि नंतर फ्लॅशफ्लॉपी हे त्यातले जास्त वापरात असलेले. नंतरच्या ज्या सॅम्पलरांत हार्ड डिस्क होती, त्यांच्यासाठी मेमरी कार्ड घेणाऱ्या अशाच पट्ट्या निघाल्या.

प्रत्यक्ष बदलणं हे मग तासाभराचं काम. वायर भिंतीतून काढायची आणि थोडा वेळ थांबायचं, कारण वीजपुरवठ्याच्या भागात वीज काही काळ साठून राहते. केबल कुठल्या बाजूने लावली होती त्याचा आधी फोटो काढायचा. उलटी बसली की डबी निमूट बसून राहते आणि माणसाला वाटतं वाद्यच गेलं.

या कामावर नाराज असणारेही आहेत. ते म्हणतात, खटखट गेली, चकती हातात धरण्यातली मजा गेली, आता ते खरं वाद्य राहिलं नाही. आम्हाला हे पटत नाही. तंबोऱ्याची तार बदलतात, जवारी काढतात, पेटीला नवा भाता लावतात. कुणी म्हणत नाही की आजोबांची पेटी राहिली नाही. एका गोष्टीत मात्र नाराजांचं ऐकावं. नवी डबी बसावी म्हणून काही जण वाद्याच्या पत्र्यालाच करवत लावतात, आणि ते परत जुळवता येत नाही. डबीला बसेल अशी वेगळी चौकट मिळते किंवा करून घेता येते. मूळ स्क्रूच्या भोकांत ती बसते. काढलेला ड्राइव्ह कोरड्या डब्यात ठेवतात. वर चिठ्ठी असते: कुठल्या वाद्यातला, कधी काढला, काय बिघडलं होतं. चकत्यांच्या इमेज तीन ठिकाणी ठेवतात, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.