समीकरणाचं प्लास्टर

१८७५ साली म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात गणिताचे दोन तरुण प्राध्यापक रुजू झाले, अलेक्झांडर ब्रिल आणि फेलिक्स क्लाइन. दोघांनी मिळून तिथे गणिताची कार्यशाळा काढली. तिच्यात पुठ्ठा होता, तार होती, दोरा होता आणि भरपूर प्लास्टर होतं. विद्यार्थी एखादं समीकरण घ्यायचे, आकडेमोड करून त्याच्या पृष्ठाचे छेद काढायचे आणि हातात धरता येईल अशी वस्तू करून प्राध्यापकांपुढे ठेवायचे. अमूर्त शिल्पाचा इतिहास बहुतेक पुस्तकांत पॅरिसच्या नाहीतर मॉस्कोच्या स्टुडिओत सुरू होतो. भूमितीतून आलेल्या शिल्पांपुरतं बोलायचं तर मी तो या कार्यशाळेपासून सांगते.

मी मूळची पेणची. घरी गणपतींचा कारखाना, त्यामुळे साचा, शाडू, काथ्या यांतच वाढले. पुढे शिल्पकला शिकले आणि आता कलामहाविद्यालयात साचेकाम शिकवते. गोटिंगेनच्या गणित संस्थेत काचेच्या कपाटांतून मांडलेली ती जुनी मॉडेलं पाहायला गेले, तेव्हा सवयीने आधी जोडाची रेघच शोधू लागले. साचा किती तुकड्यांचा असेल? कुठून सुटला असेल? अंडरकट, म्हणजे साच्यात अडकणारा भाग, कसा सोडवला असेल? गणित मला नंतर एका प्राध्यापिकेने समजावलं, आणि ते कळल्यावर त्या कामाविषयीचा आदर दुप्पट झाला.

एकच मॉडेल जवळून पाहू. आर्थर केली आणि जॉर्ज सॅमन यांनी १८४९ साली दाखवून दिलं की तिसऱ्या घाताच्या कुठल्याही गुळगुळीत पृष्ठावर नेमक्या २७ सरळ रेषा असतात. अडचण अशी, की अनेक पृष्ठांवर त्यांतल्या काही रेषा काल्पनिक संख्यांच्या असतात, डोळ्यांना दिसूच शकत नाहीत. १८७१ मध्ये आल्फ्रेड क्लेब्शने असं एक पृष्ठ दिलं की ज्यावर सत्तावीसच्या सत्तावीस रेषा खऱ्या, दिसणाऱ्या. त्याचं प्लास्टरचं मॉडेल झालं आणि ते गणिताच्या विभागांतून जगभर गेलं. आमच्या वर्गात त्या आकाराची प्रत केली, तेव्हा नुसता साचा काढण्यातच आमची परीक्षा झाली. पृष्ठ मध्ये आवळलं जातं, आरपार भोकं पडतात, कडा बाहेर वळतात. सपाट जागा तसूभर नाही. भोकात बसलेला साच्याचा तुकडा सरळ ओढून निघत नाही, म्हणून त्याचे आणखी तुकडे करावे लागतात, आणि प्रत्येक तुकडा शेजारच्यात चपखल बसावा म्हणून खळगे कोरावे लागतात. शेवटी ओतकाम सुटलं, घासून झालं, रेषा कोरून झाल्या. त्यांतल्या एका रेषेवर मी पोलादी पट्टी ठेवली. इतक्या वळणावळणांच्या अंगावर ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत टेकून बसली, खाली कागदही सरकेना. दहा ठिकाणी तर तीन-तीन रेषा एकाच बिंदूत भेटतात. विद्यार्थी आळीपाळीने पट्टी फिरवत राहिले.

आता शिल्पकाराच्या नजरेने बघा. समीकरणातलं पृष्ठ अनंतापर्यंत जातं, ते कुठे तोडायचं हे समीकरण सांगत नाही. त्या पृष्ठाला जाडी नसते, प्लास्टरला ती द्यावीच लागते, आणि किती द्यायची हेही समीकरण सांगत नाही. त्याला वरची-खालची बाजू नसते. मॉडेल मात्र कशावर तरी उभं करावं लागतं, मग कुठली बाजू खाली घ्यायची? हे तीन निर्णय करणाऱ्याचे. क्लेब्शचं पृष्ठ थोडं आत कापलं असतं तर रेषांच्या भेटी दिसल्या नसत्या, थोडं बाहेर कापलं असतं तर पसरलेल्या पंखांत मधली भोकं हरवली असती. त्या काळच्या विद्यार्थ्यांनी हे निर्णय फार जाणतेपणाने घेतले. मी त्यांना शिल्पकार म्हणते, आणि हा शब्द सढळ हाताने वाटण्याची मला सवय नाही.

या कामाचा पुढे धंदा झाला. ब्रिलचा भाऊ लुडविग डार्मस्टाटला प्रकाशक होता. त्याने या मॉडेलांच्या प्रती काढून विकायला सुरुवात केली. मालिकेमागून मालिका निघाल्या, आणि कोणत्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली कोणत्या विद्यार्थ्याने मॉडेल केलं हे कॅटलॉगमध्ये छापलेलं असे. १८७८ च्या सुमारास दुसऱ्या घाताच्या पृष्ठांची मॉडेलं करणारा एक विद्यार्थी होता रुडॉल्फ डीझेल, पुढे ज्याच्या नावाचं इंजिन झालं तोच. १८९३ मध्ये क्लाइन ही मॉडेलं घेऊन शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला गेला. १८९९ साली हा व्यवसाय मार्टिन शिलिंगकडे आला आणि १९११ च्या त्याच्या कॅटलॉगात जवळजवळ ४०० मॉडेलं होती. मग महायुद्ध आलं. गणिताचा ओढाही बदलला. चित्रापेक्षा गृहीतकांवर आणि तर्कावर भर देणारी पिढी आली, तिला कपाटातल्या प्लास्टरची गरज उरली नाही. १९३२ पर्यंत नवी मॉडेलं निघणं थांबलं होतं.

दोऱ्याच्या मॉडेलांची परंपरा याहून जुनी आहे आणि तिचं मूळ पॅरिसमध्ये, गणितज्ञ गास्पार मोंझच्या भूमितीत. त्या परंपरेतला तेओदोर ऑलिव्हिए हा अभियंत्यांना शिकवायचा. १८३० नंतर त्याने पितळी चौकटीत रेशमी दोरे ताणून मॉडेलं करवून घेतली. खाली लाकडी पेटी, तिच्यात दोऱ्यांच्या टोकांना शिशाची वजनं. दोन कड्यांमध्ये उभे दोरे असले की पृष्ठ नळकांड्याचं. वरचं कडं फिरवत गेलं की सगळे दोरे तिरके होतात, वजनं आतल्या आत सरकतात, दोरे ताठच राहतात आणि मधला भाग आवळत डमरूचा आकार येतो. आणखी फिरवलं की सगळे दोरे एका बिंदूत येतात आणि दोन शंकू टोकाला टोक लावून उभे राहतात. एकही दोरा वाकलेला नसतो, तरी पृष्ठ गोल. तिरक्या पुलाच्या कमानीचे दगड कसे घडवायचे, दात्यांची चाकं एकमेकांत कशी बसवायची, हे समजावायला ही मॉडेलं होती. तशीच मॉडेलं फाब्र द लाग्रांझ नावाच्या पॅरिसच्या कारागिराने १८७२ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयासाठी केली.

शिल्पकार हेन्री मूर या संग्रहालयाच्या शेजारच्याच रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला. पुढे विज्ञान संग्रहालयात गेलेली अशी दोऱ्यांची मॉडेलं त्याने पाहिली होती, आणि १९३७ पासून त्याच्या लाकडी, धातूच्या आकृत्यांत दोरे येऊ लागले. त्याला त्यातलं शास्त्र नको होतं. दोऱ्यांच्या पडद्यातून आरपार बघता येतं, एका आकाराच्या आत दुसरा आकार दिसतो, हे त्याला हवं होतं. थोड्याच वर्षांत त्याने हा मार्ग सोडला, कारण त्यात चातुर्य वाढत चाललं आणि माणूस कमी होत चालला असं त्याला वाटलं. मला ते पटत नाही. शिल्पकार बार्बरा हेपवर्थने तेच दोरे घेतले आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर राहून त्यांतून वारा, खाडी, लाट उभी केली. तिचं १९४६ चं ‘पेलागोस’ पाहा. कोरलेलं लाकूड आतल्या बाजूने रंगवलेलं आणि दोन कडांमध्ये ताणलेले दोरे. माणूस त्यात कमी झालेला नाही.

तिच्या शेजारी युद्धकाळात नाउम गाबो राहत होता. रशियात जन्मलेला हा शिल्पकार वैद्यक शिकायला म्यूनिकला आला आणि १९१२ मध्ये अभियांत्रिकीसाठी त्याने नाव घातलं ते ब्रिल आणि क्लाइन यांच्याच तंत्रविद्यालयात. १९१६ पर्यंत तो माणसाचं डोकं आडव्या-उभ्या छेदांच्या पट्ट्या जोडून रचत होता. भरीव गोळ्याला त्यात जागाच नव्हती. पुठ्ठ्याच्या छेदांतून पृष्ठ उभं करण्याची म्यूनिकची पद्धत मला तिथे स्पष्ट दिसते. १९४२-४३ मध्ये त्याने पारदर्शक पर्स्पेक्सच्या चौकटीला नायलॉनचा दोरा गुंडाळून जी रचना केली, तिच्यात तर जवळजवळ वजनच नाही.

पॅरिसची गोष्ट वेगळी. तिथल्या आंरी प्वाँकारे संस्थेत धूळ खात पडलेल्या मॉडेलांची माहिती चित्रकार माक्स एर्न्स्टने छायाचित्रकार-चित्रकार मॅन रेला दिली. १९३४ ते ३६ च्या दरम्यान मॅन रेने त्यांचे फोटो काढले. खालून कोन घेतला, एकाच बाजूने प्रकाश टाकला, सावल्या लांब केल्या. १९३६ मध्ये ते ‘काये दार’ या नियतकालिकात छापून आले. पुढे १९४८ साली हॉलिवूडमध्ये त्यांवरून त्याने चित्रं रंगवली आणि त्यांना शेक्सपिअरच्या नाटकांची नावं दिली, ‘हॅम्लेट’, ‘मॅकबेथ’ वगैरे. फोटो अप्रतिम आहेत, मी ते वर्गात दाखवते. पण समीकरणही गेलं आणि मॉडेल करणाऱ्याचं नावही गेलं, हे मला सलतं. जो आकार त्याला इतका भावला, तो तोडण्याचा, जाडी देण्याचा, उभा करण्याचा निर्णय कुणीतरी रात्री जागून घेतलेला होता.

स्वित्झर्लंडचा माक्स बिल उलट बाजूने आला. १९३५ मध्ये विजेच्या शेगडीवर टांगायला शिल्प हवं म्हणून तो कागदाच्या पट्ट्या पिळत बसला आणि त्याच्या हाती एक न संपणारी पट्टी आली. तिला एकच बाजू होती. मोबियस आणि लिस्टिंग यांनी हा आकार १८५८ मध्येच शोधला होता हे त्याला नंतर कळलं. तो थांबला मात्र नाही. १९४९ साली त्याने आजच्या कलेतल्या गणिती विचारपद्धतीवर लेख लिहिला, आणि १९५१ मध्ये साओ पाउलोच्या पहिल्या द्वैवार्षिकीत त्याच्या ‘त्रिभागी एकता’ या पोलादी शिल्पाला शिल्पकलेचं पारितोषिक मिळालं. ब्राझीलच्या पुढच्या अमूर्त कलेवर त्याचा मोठा ठसा आहे. त्याच ब्राझीलमध्ये १९८२ साली सेल्सो कोस्ता या गणितज्ञाने साबणाच्या पापुद्र्यांच्या जातीचं एक नवं पृष्ठ शोधलं. ते स्वतःला कुठेच छेदत नाही आणि तीन दिशांनी अनंतापर्यंत पसरतं. हेलमन फर्ग्युसन या अमेरिकन गणितज्ञ-शिल्पकाराच्या गटाने १९९९ मध्ये कोलोराडोतल्या ब्रेकनरिज इथे ते बर्फात कोरलं. पृष्ठ प्रत्येक ठिकाणी एका दिशेने वर, दुसऱ्या दिशेने खाली वळलेलं असल्यामुळे आत कुठलाही आधार न घालता पातळ बर्फ उभा राहिला.

फर्ग्युसन दगडकाम करणाऱ्याच्या घरी वाढला आणि गणितात त्याने मोलाचं संशोधन केलं. त्याचं बर्कलीतलं १९९३ चं संगमरवरी शिल्प मला या सगळ्या इतिहासाचं सर्वांत मोठं काम वाटतं. म्यूनिकमध्येच असताना, १८७८-७९ च्या सुमारास, क्लाइनने एक पृष्ठ शोधलं होतं. तीन भोकांचं, २४ सप्तकोनांनी मढवलेलं, १६८ सममितींचं. त्या सगळ्या सममिती आपल्या तीन मितींच्या जगात मावत नाहीत. सप्तकोन सारखे ठेवायचे तर दगडात आकार उभाच राहत नाही. फर्ग्युसनने चार टोकांच्या घनाची, म्हणजे चतुष्फलकाची सममिती ठेवली, बाकीच्या सोडल्या, सप्तकोन गरजेप्रमाणे ताणले आणि त्यांच्या कडा दगडात उमटवल्या. त्या कडांवरून बोट फिरवत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळत गेलं की आठ वळणांनंतर निघालो तिथे येतो. म्हणून शिल्पाचं नाव ‘द एटफोल्ड वे’. शिल्पाला हात लावायला परवानगी आहे, किंबहुना ते हातासाठीच घडवलेलं आहे.

यंदा माझ्या वर्गाला मी हाच आकार दिला आहे, फूटभर उंचीचा, प्लास्टरमध्ये. तीन भोकांमुळे साच्याचे तुकडे किती करायचे हे अजून ठरत नाही. कडा उठावदार ठेवायच्या की खोल कोरायच्या यावरून वर्गात दोन तट पडले आहेत, आणि रोज कोणीतरी नवा नमुना शाडूत करून आणतं.