राव आणि वाजपेयी : काम कोणाचं, आठवण कोणाची?

आज आपण पी. व्ही. नरसिंह राव आणि अटलबिहारी वाजपेयी यांना शेजारी-शेजारी ठेवून पाहू. राव १९८४ आणि १९८९ मध्ये आपल्या रामटेकमधून लोकसभेवर गेले होते. १९९१ साली ते निवृत्तीच्या तयारीत होते, पण अल्पमतात सुरू झालेलं सरकार त्यांनी पाच वर्षं चालवलं. वाजपेयींचं सरकार आधी १३ दिवसांत गेलं, मग १९९९ मध्ये एका मताने पडलं. तरी लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं.

आता धागा बघा. रावांनी मनमोहन सिंगांना सोबत घेऊन परवाना-राज मोडायला सुरुवात केली. वाजपेयींनी तीच वाट पुढे नेली. १९९५ च्या अखेरीस रावांची अणुचाचणीची तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली आणि ती थांबली; मे १९९८ मध्ये वाजपेयींनी पोखरणला चाचण्या केल्या. १९९४ मध्ये काश्मीरप्रश्नी भारताची बाजू मांडायला रावांनी जिनिव्हाला विरोधी पक्षनेते वाजपेयींनाच धाडलं होतं!

दोघांच्या खात्यात डागही आहेत: रावांच्या काळात ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, वाजपेयींच्या काळात २००२ ची गुजरात दंगल झाली. पण वाजपेयींना २०१५ मध्ये हयातीत भारतरत्न मिळालं, रावांना २०२४ मध्ये, मृत्यूनंतर १९ वर्षांनी. २००४ मध्ये रावांचे अंत्यसंस्कारही दिल्लीत झाले नाहीत, हैदराबादला झाले. वाजपेयींची आठवण त्यांच्या पक्षाने जपली. रावांची त्यांच्या पक्षाने जपली नाही. म्हणून काम कोणी केलं आणि नाव कोणाचं राहिलं, हे प्रश्न आपण वेगवेगळे विचारायला हवेत.