बालकादंबरी, मराठी : मान्यता व पुरस्कार

मुलांसाठी लिहिलेल्या मराठी कादंबरीला मिळणाऱ्या मानसन्मानांत दोन पुरस्कार प्रमुख : साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतील ‘साने गुरुजी पुरस्कार’.

अकादमीचा पुरस्कार 2010 साली सुरू झाला. तो 24 भाषांत दिला जातो. स्वरूप ताम्रपट व 50,000 रुपये. त्यात कादंबरीचा वेगळा विभाग नाही. कविता, कथा, नाटक, कादंबरी सगळे एकाच रांगेत, आणि रत्नाकर मतकरींप्रमाणे (2018) कधी एकूण योगदानालाही तो मिळाला आहे. त्यामुळे पहिली काही वर्षे मराठी कादंबरी मागेच राहिली. नंतर मात्र ती वरचेवर दिसू लागली : ल. म. कडू यांची ‘खारीचा वाटा’ (2017), सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’ (2019), संजय वाघ यांची ‘जोकर बनला किंगमेकर’ (2021), संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (2022) आणि भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ (2024). कडू चित्रकार व प्रकाशकही आहेत, बर्वे मुळात कवयित्री. सासणे प्रौढांच्या दीर्घकथेतले मातब्बर नाव, उदगीरच्या 2022 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मुल्लांची नोकरी वनखात्यातली.

राज्य पुरस्कारांत बालवाङ्मयाचे प्रकारवार विभाग आहेत, मात्र नावांची वाटणी गमतीची झाली आहे. ‘फास्टर फेणे’चे कर्ते भा. रा. भागवत यांचे नाव नाटक-एकांकिकेच्या पुरस्काराला, ‘गोट्या’कार ना. धो. ताम्हनकरांचे संकीर्ण विभागाला, आणि कादंबरीला साने गुरुजींचे. गुरुजींनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ कादंबरी म्हणावी की आठवणी, हे अजून कोणी नीट ठरवलेले नाही. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदकही पुस्तकाच्या नव्हे, आचार्य अत्र्यांनी काढलेल्या चित्रपटाच्या (1953) वाट्याला आले.

समीक्षेची बाजू लंगडी आहे. वृत्तपत्रांतला परिचय बहुधा दिवाळीच्या किंवा सुट्टीच्या तोंडावर येतो आणि कथासार सांगून थांबतो. भाषा, कथनाचा कोन, संवादातला मुलाचा आवाज यांवर लिहिणारे थोडे. अकादमीच्या निवड समितीत प्रत्येक भाषेचे तीन परीक्षक असतात, तिघेही मोठी माणसे. भागवतांचा बन्या, म्हणजे फास्टर फेणे, ज्या काळात घराघरांत पोचला तेव्हा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार नव्हता. त्याची शिफारस वर्गातल्या शेजारच्या बाकावरून व्हायची, आणि वाचनालयातली प्रत शिवण उसवेपर्यंत हातोहात फिरायची.