विम्याची तपासणी : हिशेबाकडून वागणुकीकडे

मंडळी, वचन म्हणजे काय, हे आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. आज तोच प्रश्न विमा कंपनीच्या दप्तरात शोधायचा आहे, आणि तोही अमेरिकेत.

एलायझर राइट हा गणिताचा माजी प्राध्यापक, गुलामगिरीचा कट्टर विरोधक. १८४४ साली लंडनच्या रॉयल एक्सचेंजमध्ये त्याने एक लिलाव पाहिला. विकल्या जात होत्या म्हाताऱ्या माणसांच्या पॉलिसी. हप्ते भरायची ऐपत संपलेली. मग जो बोली जिंकेल तो पुढचे हप्ते भरणार आणि म्हातारा गेला की रक्कम उचलणार. म्हातारा जितक्या लवकर जाईल, तितका नफा जास्त! राइटला गुलामांचा बाजारच आठवला.

परतल्यावर तो हात धुऊन मागे लागला. १८५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कंपन्यांना पुरेशी गंगाजळी ठेवायला भाग पाडलं आणि राइट स्वतः विमा आयुक्त झाला. १८६१ च्या कायद्याने हप्ता थांबला तरी जमलेल्या मूल्यातून विमा काही काळ चालू राहू लागला. एका माणसाच्या संतापातून झालेलं हे काम आहे, हे विसरू नका.

१८७१ मध्ये राज्यांचे विमा अधिकारी न्यूयॉर्कला एकत्र आले. १९४५ च्या कायद्याने नियमन राज्यांकडेच राहिलं. पण तपासनीस मुख्यतः एकच विचारत : कंपनी बुडणार तर नाही ना? ती ग्राहकाशी वागते कशी, याची वेगळी तपासणी १९७० च्या दशकात आकाराला आली.

म्हणून तपासनिसाला नुसता ताळेबंद वाचता येऊन भागत नाही. तक्रारींची नोंदवही, एजंटांचे परवाने, जाहिराती, नाकारलेले दावे, सगळं बघायचं. फायली हजारोंनी असतात, म्हणून नमुना काढायचा. त्यांच्या हस्तपुस्तिकेत चुकांची मर्यादाही दिली आहे : दाव्यांत ७ टक्के, इतर कामांत १० टक्के. त्यामागचा युक्तिवाद असा, की एखादी चूक कारकुनाची असते. वारंवार झाली की ती कंपनीची रीत ठरते.

युक्तिवाद समजतो, पण आम्हाला तो पुरता पचत नाही. शंभर दाव्यांत सहा चुकले तर कंपनी मर्यादेत बसली. त्या सहांपैकी एखादी फाईल विधवेची असेल, तर तिला टक्केवारी कोणी समजावून सांगायची?