टापांच्या रुंदीची वाट
माथेरानच्या तलावाकाठचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास

माथेरानच्या बाजारपेठेतून पश्चिमेकडे निघालेली तांबड्या मातीची वाट झाडीतून खाली उतरत शार्लोट तलावापाशी येते. तलावाच्या काठी पिसरनाथाचे देऊळ आहे आणि पलीकडे बांधाची भिंत. तिथून पुढे लॉर्ड्स पॉइंट, एको पॉइंट, लुईझा पॉइंट अशा कड्यांकडे पायवाटा फुटतात. या वाटांवर दोनच प्रकारची वर्दळ असते : पायी चालणारी माणसे आणि घोडे. मुंबईपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर असलेल्या या डोंगरावर मोटार का नाही, असे विचारले तर बहुतेक जण दोनपैकी एक उत्तर देतात. साहेबाला शांतता हवी होती म्हणून, किंवा सरकारने बंदी घातली म्हणून. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. माथेरानचा रस्ता पहिल्यापासून पावलाच्या आणि टापांच्या मापाने आखला गेला. तो तसा का आखला गेला, तसाच का राहिला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिल्याशिवाय या डोंगराचा इतिहास कळत नाही.

‘शोध’ आणि आधीच्या वाटा

माथेरानचा ‘शोध’ ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांनी मे १८५० मध्ये लावला, असे पर्यटनाच्या प्रत्येक पत्रकात छापलेले असते. मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याला, चौक गावी होता. आज वन ट्री हिल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोकाच्या बाजूने ते वर चढले आणि रामबागेच्या बाजूने खाली उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा आले, काही दिवस राहिले आणि मग इथे वस्ती करण्याचा विचार त्यांनी पुढे रेटला.

मात्र ते ज्या बाजूने चढले आणि ज्या बाजूने उतरले, तिथे वाटा आधीपासून होत्या. डोंगरावर आणि उतारांवर धनगर, ठाकर आणि कातकरी यांचा वावर होता. गुरे चारायला, लाकूडफाटा, मध आणि हिरडा गोळा करायला, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायला हे लोक माथ्यावरून ये-जा करत. ‘माथ्यावरचे रान’ हे नावच मुळी खालून वर पाहणाऱ्या माणसाने दिलेले आहे. तेव्हा मॅलेट यांनी जे केले त्याला शोध म्हणण्यापेक्षा नोंद म्हणणे अधिक बरोबर ठरेल. पायथ्याच्या लोकांची वाट सरकारी दफ्तरात गेली आणि तिला पैसा मिळू लागला.

पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (कारकीर्द १८५३ ते १८६०) यांनी या डोंगरात रस घेतला, स्वतःसाठी बंगला बांधवला आणि नेरळकडून वर येणाऱ्या रस्त्याला चालना मिळाली. इथे एक योगायोग महत्त्वाचा ठरला. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला, तो १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला. नेरळ या मार्गावरच होते. मुंबईचा अधिकारी, व्यापारी किंवा पारशी शेठ सकाळी आगगाडीत बसून नेरळला उतरू शकत होता. प्रश्न उरत होता तो पुढच्या चढाचा.

आधी पाणी, मग बंगले

चढापेक्षाही मोठा प्रश्न पाण्याचा होता. माथेरानवर पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो, पण माथ्यावर जांभ्याचा थर आहे. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपते, खालच्या काळ्या पाषाणाला अडते आणि कड्याच्या बाजूने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे पाऊस भरपूर आणि उन्हाळ्यात हंडा रिकामा, ही सह्याद्रीतल्या कितीतरी गावांची कथा माथेरानचीही होती. शिवाय साहेब येणार तो नेमका एप्रिल-मे महिन्यांत.

त्यामुळे पिसरनाथाजवळून वाहणाऱ्या ओढ्याला बांध घालून तलाव करणे ही बंगल्यांइतकीच निकडीची गरज होती. आज ज्याच्या काठी छायाचित्रे काढली जातात तो शार्लोट तलाव मुळात गावाचा पाणवठा आहे. आता खालून पंपाने पाणी वर चढवले जाते, तरीही तलाव गावाच्या पाणीपुरवठ्याचा भाग राहिलाच आहे. तलाव नसता तर बंगल्यांची ही वसाहत उन्हाळाभर टिकू शकली नसती. आणि ज्या देवस्थानाच्या ओढ्यावर तो झाला ते पिसरनाथ माथेरानचे ग्रामदैवत. नव्या वस्तीचे पाणी जुन्या देवाच्या पायथ्याशी साठले, ही गोष्ट पर्यटनाच्या पत्रकात येत नाही.

तलावाकडे जाणारी वाटही त्यामुळे केवळ फिरण्याची राहिली नाही. ओढ्याच्या पाणलोटात जे काही पडेल ते शेवटी तलावात येणार, हे उघड होते. पाणलोटातली झाडी राखणे, रस्ते अरुंद ठेवणे, बंगले झाडांच्या आड विखरून बांधणे यामागे सौंदर्यदृष्टी होती हे खरेच. पण तिला पाण्याच्या हिशेबाचीही जोड होती.

घोडा, पालखी आणि माणसाचा खांदा

नेरळहून वर येण्याची साधने तीन : घोडा, पालखी किंवा खुर्ची, आणि स्वतःचे पाय. बायका, मुले, आजारी माणसे पालख्यांतून नाहीतर हमालांच्या खांद्यावरच्या खुर्च्यांतून वर येत. धडधाकट पुरुष तट्टावर बसत. सामान हमालांच्या डोक्यावर. भाजीपाला, दूध, कोंबड्या, सरपण हे सगळे पायथ्याच्या वाड्यांवरून ठाकर-कातकरी बायाबापड्या डोक्यावर घेऊन चढत. हंगामी वस्तीचा एकेक दिवस या चढणाऱ्या पावलांवर उभा होता.

तट्टू हे जनावर इथे चपखल बसले. उंच, भरधाव अरबी घोडा शर्यतीच्या मैदानावर शोभतो. मुळांनी भरलेल्या, वळणावळणाच्या उतारावर मात्र बुटका, काटक, पाय जपून टाकणारा प्राणी लागतो. वाटेचा चढ किती ठेवायचा, वळण किती मोठे घ्यायचे, कड्याच्या बाजूला दगडांची रांग किती उंच लावायची, हे सगळे या प्राण्याच्या आणि पालखीच्या भोयांच्या चालीवरून ठरले. दोन घोडे एकमेकांना घासून न जाता समोरासमोरून जाऊ शकतील एवढी वाट पुरेशी होती. जास्त रुंदीची गरज कोणालाच नव्हती. तीसहून अधिक पॉइंटांना जोडणारे हे जाळे असे विणले गेले.

१९०७ मध्ये या चित्रात मोठा बदल झाला. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची आगगाडी सुरू झाली. सुमारे वीस किलोमीटरचा हा मार्ग तीन वर्षांत बांधून झाला आणि त्यावर सोळा लाख रुपये खर्च आला. आगगाडी आल्यावर घाटातला घोडा आणि पालखी संपणार, हे उघड होते. तसे झालेही. पण माथ्यावरचा घोडा संपला नाही, उलट त्याचे काम वाढले. गाडी बाजारपेठेपर्यंत येऊन थांबत असे. पुढे बंगल्यापर्यंत, तलावापर्यंत, पॉइंटपर्यंत जायला पूर्वीचीच वाट होती आणि आता वर येणाऱ्यांची संख्या जास्त होती. पालखीची जागा हळूहळू माणसाने ओढायच्या हातरिक्षाने घेतली. रूळही एवढे अरुंद होते की डोंगर फोडून रुंद रस्ता करायची वेळ आली नाही.

दुसरा तलाव, दुसरी वाट

माथेरानचे वेगळेपण समजून घ्यायला महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाशी तुलना उपयोगी पडते. दोन्ही ठिकाणे सह्याद्रीच्या माथ्यावरची, दोन्हीकडे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचा उन्हाळा, दोन्हीकडे बांध घालून केलेला तलाव आणि त्याच्या काठी घोडे. वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी बांधवला. म्हणजे तो माथेरानच्या ‘शोधा’हूनही आधीचा.

महाबळेश्वरला मात्र पठार ऐसपैस आणि वाई-पाचगणीकडून चढणारा घाटरस्ता गाडीमार्गाचा. मोटार आली तेव्हा ती थेट तलावापर्यंत आली. परिणाम असा की वेण्णाकाठचा घोडा वाहतुकीचे साधन राहिला नाही, तो करमणुकीचा झाला. काठावरून एक फेरी, एक छायाचित्र आणि परत गाडीत. चालण्याच्या वाटा होत्या, आजही आहेत, पण गावाचा रोजचा व्यवहार त्यांच्यावर चालत नाही. १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, तो मोटारींचा आणि बांधकामांचा ताण दिसू लागल्यावर.

माथेरानला असा संवेदनशील क्षेत्राचा दर्जा ४ फेब्रुवारी २००३ रोजी मिळाला. तेव्हा कायद्याने जे राखायचे ठरवले ते इथे आधीच शिल्लक होते. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबत होत्या. तिथून बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षातून. म्हणजे कायद्याने वाट तयार केली नाही. वाटेने कायद्याला आधार दिला.

हिशेबाची दुसरी बाजू

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला गोड आहे. मात्र इतिहासाने खर्चाची बाजूही लिहायला हवी.

पहिला खर्च मातीचा. जांभ्याची माती टापांखाली भुसभुशीत होते, उन्हाळ्यात तिची धूळ उडते आणि पावसाळ्यात ती वाहून जाते. शेकडो घोड्यांची लीद त्याच वाटेवर पडते, सुकते, धुळीत मिसळते आणि पावसाबरोबर उताराकडे, म्हणजे काही भागात तलावाच्याच दिशेने जाते. साठ-सत्तर तट्टांसाठी योग्य असलेली वाट साडेचारशेहून अधिक परवानाधारक घोड्यांना आणि सुट्टीच्या दिवशी लोटणाऱ्या गर्दीला पुरत नाही. झाडांची मुळे उघडी पडतात, हे कोणालाही तलावाकडे जाताना दिसते.

दुसरा खर्च माणसाचा. हातरिक्षा एकाने पुढून ओढायची आणि दोघांनी मागून ढकलायची, तीही चढावर आणि धुळीत. ज्या डोंगरावर प्रदूषण नाही म्हणून आपण मोकळा श्वास घेतो, तिथे दुसऱ्या कोणाचा तरी श्वास फुलत होता. याच माथेरानात १९१२ मध्ये एका सामान्य कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे हुतात्मा भाई कोतवाल, जन्मले. कर्जत-मुरबाडच्या आदिवासी आणि शेतकऱ्यांची बाजू घेणारा हा वकील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. डोंगर चढून भाजी विकणाऱ्या माणसांचे जिणे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. बंगल्यांच्या माथेरानइतकेच हेही माथेरान खरे आहे.

हातरिक्षाचा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने ई-रिक्षांच्या प्रयोगाला मुभा दिली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा धावू लागल्या. अश्वपालांनी विरोध केला. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. त्याच निकालात रस्त्याबद्दलही एक रेषा ओढली गेली : दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, पण अंतर्गत रस्त्यांवर आणि पदभ्रमणाच्या वाटांवर नाहीत.

रेषा कुठे ओढायची

इतिहासाच्या दृष्टीने या निकालातली ही दुसरी गोष्ट मोलाची आहे. पुतळ्यापर्यंतचा रस्ता हा वाहतुकीचा आहे. शाळेत जाणारे मूल, दवाखान्यात न्यायचा रुग्ण, गॅसचे सिलिंडर यांची सोय तिथे व्हायलाच हवी. दुसऱ्या माणसाने ओढलेल्या गाडीत बसणे ही परंपरा म्हणून जपण्याची गोष्ट नव्हे. तलावाकडची वाट मात्र निराळी. ती पाणलोटातून जाते. तिच्यावर सिमेंट किंवा ब्लॉक आले की पाणी मुरायचे थांबेल, वाट सपाट झाली की चाक येईल, आणि चाकामागोमाग रुंदी. वेण्णाकाठी काय झाले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे.

घोड्याचे भवितव्यही इथेच ठरेल. मुख्य रस्त्यावर तो ई-रिक्षाशी स्पर्धा करू शकणार नाही. पण मातीच्या वाटांवर, तलावाच्या काठाने, रामबाग किंवा वन ट्री हिलकडे, त्याला आजही पर्याय नाही. नालबंद, खोगीर शिवणारे, गवत पुरवणारे अशी साखळी त्याच्यामागे आहे. वाटा मातीच्याच ठेवून, त्यांची दरवर्षी दगडी बांधांनी डागडुजी करून, लीद रोजच्या रोज उचलून तिचे खत करून आणि किती घोडे कोणत्या वाटेने जावेत याची मर्यादा घालून हा व्यवसाय टिकू शकतो. ही कामे महाग नाहीत, पण ती नियमाने करावी लागतात. आणि त्यात अश्वपालांना बरोबर घ्यावे लागते, कारण वाटेचा प्रत्येक खड्डा त्यांनाच ठाऊक असतो.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत आगगाडीचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि ती पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले. त्या मधल्या काळात माथेरान बंद पडले नाही. माणसे दस्तुरीहून चालत आली, सामान घोड्यांच्या पाठीवरून आले, तलाव नेहमीप्रमाणे भरला. दोन घोडे समोरासमोरून जातील एवढ्या रुंदीच्या वाटेने या डोंगराला पावणेदोनशे वर्षे पुरवले आहे. ती आणखी रुंद करण्याआधी तिने काय राखले याचा हिशेब मांडणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.